विदर्भ संघाचा एक हंगाम व त्यापासून घ्यावयाचा धडा



खेळाच्या मैदानावरील जयापजयाच्या वार्ता आपण नित्य ऐकतों आणि दुसऱ्या दिवशीं विसरून जातों. तसें करण्यांत फारसें बिघडतहि नाहीं. परंतु कांहीं विजय असे असतात कीं, त्यांचा वृत्तांत पाठ्यपुस्तकांतील धड्याइतक्याच लक्षानें वाचावा. २०१७-१८ च्या हंगामांत विदर्भाच्या क्रिकेट संघानें रणजी करंडक जिंकला, तो विजय या जातीचा होय.

आपली वस्ती नागझिऱ्याच्या रानाजवळची. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत मोडणारा हा मुलूख १९९९ सालीं गोंदिया जिल्हा झाला. धानाची कापणी आटोपली म्हणजे चोरखमारा, मंगेझरी अशा रानालगतच्या गांवांतून रिकाम्या बांध्यांत मुलें फळी व रबरी चेंडू घेऊन जमतात. त्यांच्या अंगीं चापल्य कमी नसतें. परंतु त्यांच्या मनांत एक समजूत लहानपणापासून घर करून बसलेली असते. ती अशी कीं, मोठीं कामें मोठ्या शहरांतल्या माणसांनींच करावयाचीं. आपण दुरून पाहावें व टाळ्या वाजवाव्या. ही समजूत खेळापुरतीच असती तर तिचा विचार करण्याचें कारण नव्हतें. पण गणितांत, इंग्रजींत, पुढील शिक्षणांत, नोकरीधंद्यांत सर्वत्र ती आड येते. आम्हां शिक्षकांस वर्गांत जो मोठा अडसर भेटतो तो मंद बुद्धीचा नव्हे, या समजुतीचा होय. म्हणून एका मागें पडलेल्या प्रदेशाचा संघ पुढें कसा आला याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

१. प्रांतवार स्पर्धेची पद्धति

प्रथम अशा स्पर्धांची रचना समजून घेऊं. अमेरिकेंत महाविद्यालयांच्या फुटबॉल संघांचे सामने हा लोकांचा मोठा आवडता विषय आहे. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यांत अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवतात व प्रतिपक्षास अंगाचा जोर लावून अडवितात. अशा महाविद्यालयीन सामन्यांचा आरंभ रटगर्स व प्रिन्स्टन या दोन संस्थांमध्यें ता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं झालेल्या सामन्यापासून धरतात. पुढें सामने वाढले, तंटे वाढले, नियमांचा मेळ बसेना. तेव्हां १८९६ सालीं मध्य-पश्चिम भागांतील सात विद्यापीठांनीं एकत्र येऊन आपला एक गट बांधला. हळूहळू देशभर असे प्रादेशिक गट झाले. गटांतील संघ प्रतिवर्षीं आपसांत खेळतात, गुणानुक्रम लागतो, आणि गटांत अग्रस्थान मिळविणें हाच पुष्कळ संघांच्या वर्षभराच्या श्रमाचा हेतु असतो.

या पद्धतींत एक शहाणपण आहे. लांबचा प्रवास वांचतो, प्रतिस्पर्धी ओळखीचे असतात, आणि एका सामन्यांतील पराभवानें सर्व कांहीं संपत नाहीं. हंगाम हा एका दिवसाचा पराक्रम नसून अनेक दिवसांच्या कष्टांची बेरीज असते. आपल्या मामा तलावांचें पाहा. रानांतील लहानमोठे ओहोळ एकेक करून त्यांत उतरतात, आणि पाऊसकाळ संपेपर्यंत तळें भरतें. ‘थेंबे थेंबे तळें साचे’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं तलावाच्या पाळीवर उभें राहूनच केली असावी असें वाटतें.

आपल्या देशांतील रणजी करंडकाची स्पर्धा याच धर्तीवर वाढली. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी १९३३ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवानें ही स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. प्रथम देशाचे विभाग पाडून विभागवार सामने होत. विदर्भाचा संघ मध्य विभागांत उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश व रेल्वे यांच्याबरोबर खेळे. २००२-०३ पासून ही विभागवार रचना मोडली आणि संघांच्या योग्यतेप्रमाणें वरचे व खालचे गट करण्यांत आले. विदर्भाच्या वाट्यास पुष्कळ वर्षें खालचा गट आला. २०१७-१८ सालीं मात्र अठ्ठावीस संघांचे सात-सातांचे चार गट केले गेले. प्रत्येक संघानें आपल्या गटांत सहा सामने खेळावयाचे, आणि प्रत्येक गटांतील पहिल्या दोन संघांनीं बाद फेरींत जावयाचें, असा नियम होता.

गुणांची रीत अशी. सामना पुरता जिंकल्यास सहा गुण. तो एका डावानें किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांत आघाडी घेणाऱ्यास तीन व दुसऱ्यास एक. तेव्हां नुसतें न हरणें पुरेसें नाहीं; पहिल्या डावापासूनच दक्ष राहिलें पाहिजे, हें या नियमांतच गोंवलेलें आहे.

२. पूर्ववृत्त

विदर्भ या नांवानें आपला संघ रणजी स्पर्धेंत १९५७-५८ सालीं प्रथम उतरला. त्यापूर्वीं या भागाचा संघ मध्यप्रांत व वऱ्हाड या नांवानें खेळत असे. नागपुरास खेळाडूंची वाण होती असें नाहीं. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, त्यांत कर्णधारपद भूषविणारे सी. के. नायडू हे नागपुरांत १८९५ सालीं जन्मलेले. परंतु त्यांच्या कीर्तीचें मंदिर उभें राहिलें तें इंदुरास, होळकरांच्या आश्रयानें. ज्या होळकर संघाचे ते कर्णधार होते त्यानें रणजी करंडक चार वेळां जिंकला. गुणी माणूस आपल्या घरीं निपजावा आणि त्याचें तेज दुसऱ्याच्या अंगणांत पडावें, हें विदर्भाच्या वांट्यास अनेक क्षेत्रांत आलेलें आहे.

१९५७-५८ पासून साठ वर्षें विदर्भाचा संघ या स्पर्धेंत खेळला. पण अंतिम सामन्यापर्यंत एकदाहि पोहोंचला नाहीं. मुंबईसारख्या संघानें त्याच स्पर्धेंत चाळीसांहून अधिक वेळां विजय मिळविला होता. मुंबई, दिल्ली, कर्नाटक हीं नांवें ऐकतांच प्रतिपक्षानें अर्धा सामना मनांत हरावा, अशी स्थिति होती. या काळोखांत एक दिवा लागला तो २०११ सालीं. नागपूरजवळील कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या एका कामगाराचा मुलगा उमेश यादव हा त्या सालीं देशाच्या कसोटी संघांत गेला. विदर्भाकडून खेळत तेथवर पोहोंचलेला तो पहिला खेळाडू. एकानें वाट मळली म्हणजे मागच्यांस ती दिसूं लागते. तरी एक खेळाडू म्हणजे संघ नव्हे, हेंहि तितकेंच खरें.

३. गटांतील सामने

२०१७-१८ सालीं विदर्भाच्या गटांत पंजाब, बंगाल, हिमाचल प्रदेश, गोवा, छत्तीसगड व सैन्यदलांचा संघ असे सहा प्रतिस्पर्धी होते. कर्णधार होता नागपूरचा फैज फजल. हा डावखुरा सलामीचा फलंदाज. देशाकडून एक सामना खेळून त्यांत अर्धशतक करून आलेला, आणि पुन्हा न बोलावला गेलेला. अशा माणसाच्या मनांत कडवटपणा राहिला असता तर नवल नव्हतें. परंतु त्यानें तो हंगाम ९१२ धांवा करून भरून काढला.

पहिलाच सामना पंजाबाशीं मोहाळीस झाला, आणि विदर्भानें तो एका डावानें जिंकला. पुढें बंगालच्या संघास त्याच्याच घरीं, कल्याणी येथें, गांठावयाचें होतें. तेथें फजल व त्याचा जोडीदार संजय रामस्वामी यांनीं पहिल्याच गड्यासाठीं अडीचशेंवर धांवांची भागी केली, दोघांनींहि शतकें ठोकलीं, आणि विदर्भानें दहा गडी राखून विजय मिळविला. सहा सामन्यांत चार विजय, दोन अनिर्णित, पराजय एकहि नाहीं, एकूण गुण एकतीस, असा हिशेब करून विदर्भ गटांत पहिला आला.

या आंकड्यांकडे लक्ष द्या. चारपैकीं तीन विजय डावानें किंवा दहा गड्यांनीं मिळाल्यामुळें अधिकाचा एकेक गुण पदरांत पडला. परीक्षेंत उत्तीर्ण होण्यापुरतें लिहून जो विद्यार्थी उठतो आणि जो वेळ संपेपर्यंत उत्तर तपासतो, त्या दोघांत जो फरक, तोच येथें आहे. जिंकणें निश्चित झाल्यावरहि ढिलाई न करणें हा गुण दिसावयास लहान, पण साधावयास कठीण आहे.

४. बाद फेरी

उपांत्यपूर्व सामना सुरतेस केरळाशीं झाला. पहिल्या डावांत विदर्भाच्या २४६ धांवा झाल्या, केरळाच्या १७६. दुसऱ्या डावांत विदर्भानें पांचशेंच्या वर मजल मारली आणि केरळाचा डाव १६५ धांवांवर आटोपला. विजय ४१२ धांवांचा. येथें पहिल्या डावांत रजनीश गुरबाणी या तरुण वेगवान गोलंदाजानें पांच गडी बाद केले, आणि दुसऱ्या डावांत आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें सहा.

खरी कसोटी लागली ती उपांत्य सामन्यांत. हा सामना ता. १७ डिसेंबर २०१७ पासून कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर कर्नाटकाशीं झाला. कर्नाटक आठ वेळांचा विजेता संघ. विदर्भाचा पहिला डाव १८५ धांवांत संपला. कर्नाटकानें ३०१ धांवा केल्या. त्यांपैकीं करुण नायर याच्या एकट्याच्या १५३. म्हणजे ११६ धांवांची पिछाडी. अशा वेळीं पुष्कळांचें मन खचतें. विदर्भाच्या फलंदाजांनीं दुसऱ्या डावांत चिकाटीनें ३१३ धांवा जमविल्या. त्यांत गणेश सतीश याच्या ८१ धांवा सर्वांत मोलाच्या ठरल्या. हा सतीश पूर्वीं कर्नाटकाकडूनच खेळत असे.

कर्नाटकास जिंकावयास १९८ धांवा हव्या होत्या. चौथ्या दिवसाच्या अखेरीस त्यांचे सात गडी १११ धांवांत बाद झाले होते; उरल्या ८७ धांवा, आणि तीन गडी. सामना विदर्भाच्या हातीं आला असें त्या रात्रीं कोणासहि वाटलें असतें. परंतु पांचव्या दिवशीं सकाळीं कर्नाटकाच्या शेपटीनें झुंज दिली. विनय कुमारनें ३६ धांवा केल्या, मिथुननें ३३. श्रेयस गोपाळ एका बाजूस पाय रोवून उभा राहिला. एकेक धांव करीत अंतर घटत गेलें. शेवटीं विजयास सहा धांवा उरल्या असतां गुरबाणीनें शेवटचा गडी बाद केला. कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला व विदर्भ पांच धांवांनीं जिंकला.

गुरबाणीनें त्या डावांत ६८ धांवांत सात गडी घेतले आणि सामन्यांत एकूण बारा. हा गुरबाणी अभियांत्रिकीचा पदवीधर आहे, हें येथें मुद्दाम सांगतों. कारण खेळ व अभ्यास यांचें वैर आहे असें मानणारे पालक व विद्यार्थी अजूनहि पुष्कळ आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. पांच धांवांचें अंतर म्हणजे काय? पांच दिवसांच्या खेळांत कोठें तरी सीमेवर झेप घेऊन अडविलेला एक चौकार आणि एखादी चोरटी धांव. ज्यानें तो चेंडू अडविला त्याचें नांव कोणत्याहि वृत्तपत्रांत छापलें जात नाहीं. परंतु तो अडविला नसता तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

५. इंदूर येथील अंतिम सामना

अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर ता. २९ डिसेंबर २०१७ रोजीं सुरू झाला. समोर दिल्लीचा संघ, सात वेळांचा विजेता. कर्णधार ऋषभ पंत, आणि संघांत गौतम गंभीरसारखा जुना जाणता फलंदाज. विदर्भाकडे उमेश यादव नव्हता. पहिल्या दिवशीं दिल्लीनें सहा गड्यांच्या मोबदल्यांत २७१ धांवा केल्या. ध्रुव शोरे शतक करून खेळत होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुरबाणीनें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, आणि त्यांतील तिसरा १४५ धांवा केलेला शोरे हाच होता. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत अशी त्रयी साधणारा त्यापूर्वीं एकच गोलंदाज होऊन गेला होता, तमिळनाडूचा कल्याणसुंदरम्, १९७२-७३ सालीं. दिल्लीचा डाव २९५ वर आटोपला. गुरबाणीचे सहा गडी.

मग विदर्भाची फलंदाजी. कर्णधार फजलच्या ६७, वसीम जाफरच्या ७८. जाफर मूळचा मुंबईचा, वय एकोणचाळीस. परंतु सामन्याचें पारडें खालीं बसविलें तें तेवीस वर्षांच्या यष्टिरक्षकानें. अक्षय वाडकर याचें नांव त्यापूर्वीं थोड्यांसच ठाऊक होतें. त्यानें १३३ धांवा केल्या; वरिष्ठ दर्जाच्या सामन्यांतील हें त्याचें पहिलें शतक. त्यास सरवटे यानें ७९ धांवांची व सिद्धेश नेरळ यानें ७४ धांवांची साथ दिली. हे दोघेहि मुख्यतः गोलंदाज, हें लक्षांत ठेवावें. विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला.

दिल्लीचा दुसरा डाव २८० धांवांत संपला. त्यांत फिरकी गोलंदाज अक्षय वखरे यानें चार गडी घेतले. विदर्भास जिंकावयास अवघ्या २९ धांवा हव्या होत्या. नूतन वर्षाच्या पहिल्या दिवशीं, ता. १ जानेवारी २०१८ रोजीं, नऊ गडी राखून त्या पुऱ्या झाल्या. विजयाचा फटका जाफरच्या हातचा होता. नागपूरच्या ज्या सुपुत्रास कीर्तीसाठीं होळकरांच्या इंदुरास जावें लागलें, त्याच इंदुरांत, होळकरांचें नांव धारण करणाऱ्या मैदानावर, विदर्भानें आपला पहिला रणजी करंडक उचलला. इतिहास अशा गांठी कधीं कधीं आपण होऊन बांधीत असतो.

६. यशाचीं कारणें

कारणांवांचून कार्य होत नाहीं. या विजयाचीं कारणें शोधूं गेल्यास चार ठळकपणें दिसतात.

पहिलें कारण, दीर्घ मुदतीची तयारी. नागपूरजवळ जामठा येथें २००८ सालीं नवें मैदान उभें राहिलें. त्या सुमारापासून लहान वयाच्या मुलांस निवडून, एकत्र ठेवून, शिस्तीनें शिकविण्याकडे विदर्भ क्रिकेट संघटनेनें लक्ष पुरविलें. अशा कामाचें फळ दहा-दहा वर्षें दिसत नाहीं. आंब्याची कोय पुरणारा पहिल्याच पावसांत फळ मागत नाहीं. तो कुंपण घालतो आणि पाणी घालतो.

दुसरें कारण, चांगला गुरु. त्या हंगामासाठीं चंद्रकांत पंडित हे संघाचे प्रशिक्षक म्हणून आले. ते पूर्वीं देशाकडून खेळलेले यष्टिरक्षक. २०१५-१६ सालीं मुंबईचा संघ त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं विजयी झाला होता. शिस्तीच्या बाबतींत त्यांची कडक म्हणून ख्याति. कडक गुरु त्या क्षणीं नकोसा वाटतो. त्याची किंमत निकालाच्या दिवशीं कळते. पंडित हे १९९८-९९ सालीं मध्य प्रदेशाचे कर्णधार असतां अंतिम सामन्यांत कर्नाटकाकडून पराभूत झाले होते. हातचें निसटलें म्हणजे काय होतें हें ज्यास ठाऊक, तोच दुसऱ्यांस तें घट्ट धरावयास शिकवूं शकतो.

तिसरें कारण, कामाची वांटणी. सामन्यागणिक निराळा मनुष्य पुढें आलेला दिसेल. कल्याणीस सलामीची जोडी, सुरतेस सरवटे, कलकत्त्यास सतीश व गुरबाणी, इंदुरास वाडकर व नेरळ. गुरबाणीनें त्या हंगामांत ३९ गडी घेतले खरे. परंतु सर्व भार एकाच खांद्यावर कधींहि पडला नाहीं.

याचा उत्तम दाखला आपल्या नागझिऱ्याच्या रानांतच आहे. येथील रानकुत्रा, ज्यास कोळसून म्हणतात, एकटा पाहिला तर गांवच्या कुत्र्याएवढाच दिसतो. वाघाचें बळ त्यास नाहीं, बिबट्याची दबा धरण्याची कलाहि नाहीं. परंतु कळप जमला म्हणजे तो आपल्याहून कितीतरी पट वजनाचें सांबर लोळवितो. कोणी पाठलाग करतो, कोणी वाट अडवितो. दूर गेलेल्यास शीळ घालून परत बोलावितात. शिकार झाल्यावर पिलांस विसरत नाहींत. विवरापाशीं राहिलेल्यांसहि वांटा पोहोंचतो. रानांत सर्वांत बलवान् कोण असें विचारलें तर मुलें वाघाचें नांव घेतात. एकमेकांवर सर्वांत अधिक भिस्त ठेवणारा कोण असें विचारलें, तर उत्तर निराळें येईल.

चौथें कारण, वडील व धाकटे यांचा मेळ. एकोणचाळीस वर्षांचा जाफर आणि चोवीस वर्षांचा गुरबाणी एका संघांत होते. वडिलांनीं अनुभव दिला, धाकट्यांनीं उत्साह. ज्या घरांत आजोबा व नातू एकमेकांशीं बोलतात तें घर सहसा मोडत नाहीं. संघाचेंहि तसेंच आहे.

७. दोन शंका

येथें विचारी वाचक दोन शंका काढील, आणि त्यांचें निरसन केल्याखेरीज पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पहिली शंका ही कीं, जाफर मुंबईचा, सतीश कर्नाटकाचा, प्रशिक्षकहि बाहेरचे. मग हा विजय विदर्भाचा कसा? उत्तर असें. ज्ञान बाहेरून घेण्यांत कमीपणा नाहीं. घेऊन तें न पचविण्यांत आहे. पाहुण्या खेळाडूंनीं आधार दिला, पण गुरबाणी, वाडकर, सरवटे, वखरे, फजल हे येथल्या मातींत वाढलेले. शिवाय हा प्रवाह एकाच दिशेनें वाहत नाहीं. सरवटे पुढें केरळाकडून खेळावयास गेला. २०२५ सालच्या अंतिम सामन्यांत तो विदर्भाच्या विरुद्ध उभा होता. आणि ज्या करुण नायरनें कलकत्त्यास विदर्भाविरुद्ध १५३ धांवा केल्या, त्यानेंच २०२५ च्या त्या सामन्यांत विदर्भाकडून ८६ व १३५ धांवा काढल्या. गुणाला प्रांताची वेस नसते; त्याला ठाव देणारें अंगण मात्र लागतें.

दुसरी शंका अशी कीं, एखादा हंगाम दैवयोगानेंहि जिंकतां येतो. खरें आहे. म्हणून एका वर्षावर निर्णय न देतां पुढील वर्षें पाहावीं. २०१८-१९ सालीं विदर्भानें जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राचा ७८ धांवांनीं पराभव करून करंडक राखला. सरवटेनें त्या सामन्यांत अकरा गडी घेतले. जानेवारी २०२३ मध्यें गुजरातविरुद्ध विदर्भाचा पहिला डाव अवघ्या ७४ धांवांत संपला होता. अखेरीस गुजरातला जिंकावयास केवळ ७३ धांवा हव्या होत्या. पण विदर्भानें त्यांस ५४ धांवांत गुंडाळलें. इतक्या थोड्या धांवा राखून रणजी स्पर्धेंत त्यापूर्वीं कोणीहि सामना जिंकलेला नव्हता. मार्च २०२४ मध्यें अंतिम सामन्यांत मुंबईनें विदर्भास १६९ धांवांनीं हरविलें. जिंकावयास ५३८ धांवा हव्या असतां विदर्भ ३६८ पर्यंत गेला. तेव्हांचा कर्णधार वाडकर यानें शतक केलें. आणि पुढच्याच हंगामांत उपांत्य सामन्यांत त्याच मुंबईस ८० धांवांनीं मागें सारून, मार्च २०२५ मध्यें केरळावर पहिल्या डावाच्या आघाडीनें मात करून, विदर्भानें तिसऱ्यांदा करंडक मिळविला. त्या हंगामांत हर्ष दुबे यानें ६९ गडी बाद केले. रणजी स्पर्धेच्या एका हंगामांत तोंपर्यंत इतके गडी कोणीहि घेतले नव्हते. सात हंगामांत तीन विजय व एक उपविजय, याला दैवयोग म्हणतां येत नाहीं. पहिला विजय हें दार होतें. मागून आलेल्यांनीं तें लोटून घेतलें नाहीं.

८. उपसंहार

आतां या सर्वांचा आपणांशीं संबंध काय? तुमच्यांतील प्रत्येकानें क्रिकेटपटु व्हावें असें सांगण्याचा हेतु नाहीं. बहुतेकांच्या हातांत पुढें बॅट राहणार नाहीं. कोणी नांगर धरील, कोणी खडू, कोणी औषधाची बाटली, कोणी वनरक्षकाची काठी. हेतु इतकाच कीं, ‘आमचा भाग मागासलेला’ हें वाक्य कारण म्हणून पुढें करण्याचें आपण सोडून द्यावें. तो भाग खरोखर मागें आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जवळ चांगलें मैदान नसतें, पुस्तकें उशिरा येतात, पावसाळ्यांत वाटा बंद पडतात. ज्यांच्या हातीं सत्ता व पैसा आहे त्यांनीं याचा विचार केला पाहिजे, आणि तो करावयास त्यांस भाग पाडणें हेंहि सुशिक्षितांचें कर्तव्य आहे. जामठ्याचें मैदान व तेथील शिक्षण नसतें तर गुरबाणी व वाडकर यांचे गुण उपजत असूनहि वायां गेले असते. परंतु साधनें आलीं म्हणजे त्यांचा उपयोग करणारे हात तयार हवेत. आणि ते हात साधनें येण्यापूर्वींच कमवावे लागतात.

म्हणून तीन गोष्टी प्रत्येकानें आपल्या वहींत लिहून ठेवाव्या. जिंकणें निश्चित झालें तरी शेवटच्या चेंडूपर्यंत दक्ष राहावें, कारण अधिकाचा गुण तेथेंच असतो. पहिल्या डावांत मागें पडल्यास दुसरा डाव अजून बाकी आहे हें विसरूं नये. सहामाहींत नापास झालेल्यानें हें विशेष ध्यानांत धरावें. आणि आपल्या हातून अडविलेल्या चौकाराची नोंद कोणी घेवो वा न घेवो, तो अडवावा. कारण पांच धांवांचा सामना केव्हां येईल हें आधीं कोणासहि कळत नाहीं.

आपल्या शाळेचे संघ दर वर्षीं तालुक्याच्या व जिल्ह्याच्या सामन्यांस जातात. ते कधीं जिंकून येतात, पुष्कळदां हरून येतात. हरून आलेल्या संघाचें स्वागत जिंकून आलेल्या संघाइतक्याच आस्थेनें करावें, आणि दुसऱ्याच दिवशीं पहाटे सरावास मैदानावर हजर राहावें. विदर्भास साठ वर्षें लागलीं; आपणांस तितकीं लागावयाचें कारण नाहीं. मात्र जितकीं लागतील तितकीं देण्याची तयारी हवी.